ओआरएसची पुडी: पाचात साडेचार, अर्धा मार्क लिटरपायी गेला

जुलाबात पाण्यात कालवून पाजायच्या, मेडिकलमध्ये 22 रुपयांना मिळणाऱ्या ओआरएसच्या पुडीवर कुणी रिव्ह्यू लिहितं का, म्हणून घरात मला हसून झालंय. हसू देत. लोक मिक्सरच्या भांड्यावर पानभर लिहितात. मी पंढरपुरात 19 वर्षं सिस्टर आहे, त्यातली 11 आयसीयूत, आणि या पुडीएवढी कामाची वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही. एवढी चुकीची वापरली जाणारीही.

कंपनीचं नाव लिहीत नाही. आमच्याकडे कुठलीही पुडी असो, लोक ‘इलेक्ट्रॉल’च म्हणतात. नावापेक्षा मागचा बारीक मजकूर बघा. एक लिटर पाण्यासाठी मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5, पोटॅशियम क्लोराइड 1.5 आणि ट्रायसोडियम सायट्रेट 2.9. हे जागतिक आरोग्य संघटनेचं 2002 पासूनचं सूत्र. आकडे जुळले की पुडी चांगली, मग ती साधी असो की संत्र्याच्या चवीची. मला साधीच आवडते. संत्र्याची पोरं पटकन पितात, पण मग सरबत समजून दिवसभर मागत बसतात.

त्यातली साखर ताकदीसाठी असते असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. जुलाबातही आतड्याचा एक दरवाजा चालू राहतो, आणि त्यातून मीठ आत जायचं तर सोबत ग्लुकोज लागतं. दोघं आत गेले की पाणी त्यांच्या मागं जातं. एवढ्याचसाठी ती साखर. ती वाढवली तर उलटं होतं, पाणी आतड्यातच ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. रंगीत खोक्यातली गोड पेयं ओआरएस म्हणून खपत होती, त्यांच्यावर आमचा राग होता तो याचमुळं. एका नातेवाइकानं आणलेल्या खोक्यावरची साखर मी स्वतः वाचली आणि खोकं गुपचूप कपाटावर ठेवून दिलं. सूत्र पाळत नसाल तर नावात ओआरएस वापरू नका, असं एफएसएसएआयनं, म्हणजे खाद्यपदार्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, ऑक्टोबर 2025 मध्ये सांगितलं. हैदराबादच्या डॉ. शिवरंजनी संतोष त्यासाठी कितीतरी वर्षं भांडत होत्या. जुना माल अजून कुठं दिसला तर मागची बाजू वाचूनच घ्या.

सायट्रेटबद्दल सगळे विचारतात, “हे कसलं केमिकल, सिस्टर?” जुलाबातून नुसतं पाणी जात नाही, आम्लाला आवरणारं बायकार्बोनेटही जातं आणि रक्तात आम्ल वाढतं. मग पोर खोल खोल, भराभर श्वास घ्यायला लागतं. छाती साफ असते, तरी घरचे म्हणतात दम लागला, निमोनिया झाला. अशाच एका मुलाचा एबीजी, म्हणजे रक्तातलं आम्ल दाखवणारा रिपोर्ट, आला तेव्हा पीएच 7.21 आणि बायकार्बोनेट 11 होतं, दोन्ही फार कमी. सायट्रेटचं शरीरात बायकार्बोनेट होतं, म्हणून ते पुडीत असतं. पूर्वी सरळ खायचा सोडाच घालत, पण दमट हवेत ती पुडी टिकत नसे.

आता अर्धा मार्क का कापला ते सांगते.

दोन उन्हाळ्यांपूर्वी रात्री साडेदहाला दहा महिन्यांचं बाळ आलं. जुलाब थांबले होते, पण बाळ बारीक, चिरक्या आवाजात रडत होतं आणि वाटीकडं झेप घेत होतं. पोटाची कातडी चिमटीत धरली तर मळलेल्या कणकेसारखी लागली. आईनं पिशवीतून पुडी काढली, कपड्यांचा चिमटा लावून घडी घातलेली. मी विचारलं, “पाणी किती घेतलं होतंस?”

“एक पेला. घट्ट असलं म्हणजे लवकर गुण येईल, वाटलं.”

म्हणजे अख्खी पुडी एका पेल्यात, पाचपट खारट. संपल्यावर दुसरी फोडलेली, ती ही चिमट्यातली. रक्तातलं सोडियम 158 आलं, म्हणजे फार वाढलेलं. वाढलेलं सोडियम झटक्यात उतरवता येत नाही, मेंदूला सूज येते. दिवसाला 10 ते 12 पेक्षा जास्त उतरू द्यायचं नाही, म्हणून मायक्रोड्रिप, म्हणजे बारीक थेंबांची सलाईनची नळी, लावून आणि दर थोड्या तासांनी रक्त पाठवून दोन रात्री काढल्या. लंगोट वजनकाट्यावर ठेवून लघवी मोजली. बाळ सुधारलं. आईला मात्र घरच्यांनी एवढं बोलून घेतलं की शेवटी मीच त्यांना बाहेर पाठवलं. तिची चूक किती म्हणायची? पुडीवर ‘एक लिटर’ छापलंय ते मोहरीएवढ्या अक्षरात, चकचकीत कागदावर. आणि स्वयंपाकघरात लिटरचं माप असतं कुणाकडं? पेला, तांब्या, पातेलं, प्रत्येक घरचं वेगळं. कंपन्यांनी पुडीवर नुसतं एक लिटरच्या बाटलीचं ठळक चित्र छापलं तरी माझा अर्धा मार्क परत.

तोवर उपाय म्हणजे 200 मिलीची छोटी पुडी घ्या. किंमत थोडी जास्त पडते, पण एका पेल्याचा हिशेब असतो. किंवा एक लिटरची पाण्याची बाटली धुऊन ठेवा आणि अख्खी पुडी तीतच घाला. अर्धी पुडी अर्ध्या लिटरला हा हिशोब घरी करू नका, डोळ्यांनी अर्धं कधीच होत नाही. केलेलं पाणी 24 तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर काहीतरी चुकलंय. उलटी झाली तर 10 मिनिटं थांबून पुन्हा चमचा चमचा.

याच्या अगदी विरुद्ध चूकही बघितली आहे. आषाढीत पालखी वेळापूरच्या पुढं आली की आमची धावपळ सुरू होते. एक आजी आल्या, बरळत होत्या. जुलाब नाहीत, ताप नाही. सोबतच्या बाया म्हणाल्या, “पाणी तर सारखं पाजतोय की!” तेच झालं होतं. दिवसभर घाम, वर साधं पाणी आणि चहा, उपवासाला नुसतं केळं, शिवाय बीपीची पाणी काढायची गोळी. सोडियम 118, म्हणजे अंगात पाणी भरपूर आणि मीठ फार कमी. इथं पुडीनं भागत नाही, बरळणाऱ्या माणसाच्या तोंडात काही ओतायचंही नाही. पण चार दिवस आधी रोज एखादी पुडी घेतली असती आणि गोळीचं डॉक्टरांना विचारलं असतं, तर हे कदाचित टळलं असतं. किडनीचा आजार असलेल्यांनी मात्र पोटॅशियममुळं विचारल्याशिवाय घेऊ नये.

“पुडी नको, सलाईन लावा,” हे रोज ऐकते. त्यांना मी पश्चिम बंगालमधल्या बनगावचं सांगते. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या तिथल्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी कोलकात्यात मीठ, सोडा आणि ग्लुकोजच्या पिशव्या भरून घेतल्या, ड्रममध्ये पाणी कालवलं आणि नातेवाइकांनाच पाजायला लावलं. शंभरात 30 पर्यंत जाणारे मृत्यू चारच्या आत आले. 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

ऐकून घेतात. मग विचारतात, “बरं, पण एक तरी बाटली लावाल ना?”