ईएसपी३२: बारा नंबरची पिन आणि सेलचा दहावा

माझं तासगावजवळ मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. आयुष्य तांब्याच्या तारेत गेलं, चिपबिपच्या नादाला कधी लागलो नव्हतो. गेल्या उन्हाळ्यात पुतण्या डिप्लोमाच्या प्रोजेक्टमधून उरलेले दोन ईएसपी३२ बोर्ड घेऊन आला, म्हणजे वायफायवाल्या छोट्या कॉम्प्युटर-चिपच्या पट्ट्या. म्हणाला, "काका, ड्रिपची टाकी भरली का नाही ते घरात बसून कळंल." रात्री दोनला लाईट येते तेव्हा बॅटरी घेऊन बागेत जाणाऱ्याला एवढं आमिष पुरे.

ही चिप एस्प्रेसिफ या शांघायच्या कंपनीची. कंपनी २००८ सालची, हे मॉडेल २०१६ चं. चिपचं डिझाइन त्यांचं, पण त्यांचा स्वतःचा चिप-कारखाना नाही. ईएसपी३२ घडते तैवानच्या टीएसएमसीकडे. कंपनीचं एक ऑफिस आपल्या पुण्यातही आहे, हे कळल्यावर पुतण्याचे डोळे चमकले. दोन कोअर (म्हणजे दोन मेंदू), २४० मेगाहर्ट्झचा वेग, वायफाय आणि ब्लूटूथ आतच. हे सगळं टपाल तिकिटाएवढ्या पत्र्याच्या डबीखाली, आणि नवा बोर्ड मला ४२० रुपयांना पडला. एवढ्यात स्टार्टरमधला चांगला कॉन्टॅक्टरसुद्धा येत नाही.

मला सगळ्यात आवडली ती ईएसपी-नाऊ ही बिनतारी निरोपाची सोय. राऊटर नको, सिमकार्ड नको, दोन बोर्ड आपापसात थेट बोलतात. एका निरोपात २५० बाइट, म्हणजे तेवढी इंग्रजी अक्षरं, तरी मावतात, आम्हाला "भरली" किंवा "रिकामी" एवढंच पाठवायचं होतं. टाकी घरापासून दीडशे पावलांवर, मधे आडवं काही नाही. निरोप चुकत नाही.

आता रडगाणं. टाकीवरचा बोर्ड एका लिथियम सेलवर ठेवला, दर दहा मिनिटांनी जागा होऊन परत झोपणारा. गाढ झोपेत ही चिप दहा मायक्रोअँपिअरच्या आसपास घेते, म्हणजे सेल महिनोन् महिने जायला हवा. दहाव्या दिवशी सेलचा दहावा घातला! मीटर सिरीजमध्ये लावला तर झोपेतही साडेसहा मिलिअँपिअर. चिप बिचारी झोपलेलीच होती, खात होते शेजारी: व्होल्टेज उतरवणारा स्वस्तातला रेग्युलेटर आणि कायम पेटलेली लाल एलईडी. बोर्ड कुठल्यातरी बिननावाच्या मेकरचा, त्यात चिप बनवणाऱ्याचा काय दोष? दोन्ही उपसून काढले आणि ३.२ व्होल्टचा एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) सेल थेट ३.३ च्या पिनवर जोडला. त्यानंतर मिलिअँपिअरच्या रेंजवर मीटर शून्यच दाखवतो.

दुसरा घोळ माझा स्वतःचा. पाणी चढलं की लागणारा फ्लोट स्विच मी बोर्डाच्या बारा नंबरच्या पिनवर घेतला, कारण ती तारेला जवळ पडत होती. सेल बदलला की बोर्ड कधी सुरू व्हायचा, कधी मुका. चार दिवस सोल्डरिंगवर संशय घेतला. मग लक्षात आलं, टाकी भरलेली असली तरच रुसतो. सुरू होताना ही पिन वर खेचलेली असेल, म्हणजे तिच्यावर व्होल्टेज असेल, तर चिप प्रोग्रॅम साठवणाऱ्या फ्लॅश मेमरीचं व्होल्टेज १.८ धरते, आणि ३.३ ची मेमरी मग वाचताच येत नाही. कंपनीच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे चिपच्या माहितीपत्रकात, हे स्पष्ट लिहिलंय, फुकट मिळतं, वाचलं आम्ही नव्हतं. तार सत्तावीसवर नेली, विषय संपला.

एक खोट मात्र चिपचीच: ॲनालॉग मोजमाप, म्हणजे कमी-जास्त होणारं व्होल्टेज मोजणं, सरळ रेषेत येत नाही, दोन्ही टोकांना घसरतं. ओलाव्याचा सेन्सर लावणाऱ्यांनी तेवढं धरून चालावं. आमचं काम हो-नाहीचं, आम्हाला फरक पडला नाही.

पाचपैकी साडेचार. बोर्ड घेताना मात्र बॅटरीवर चालवायचा असेल तर पत्र्याच्या डबीशेजारी काय काय चिकटवलंय ते आधी बघा.

दसऱ्याला घातलेला सेल अजून काढलेला नाही. पुतण्या आता म्हणतोय, मोटरपण यावरनंच चालू-बंद करू. स्टार्टरला अजून मी त्याला हात लावू दिलेला नाही.