एकत्र जेवण: रात्रीचं बरं की सकाळची न्याहारी?

घरातल्या सगळ्यांनी दिवसातून एकदा तरी एकत्र बसून खावं, यावर कुणाचं दुमत नसतं. अडतं ते वेळेवर. कोल्हापुरात एकाच घरातला एक शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत शिफ्टला, दुसरा महाद्वार रोडला दुकानात आणि पोरं क्लासला. मग रात्रीचा हट्ट धरायचा की सकाळवर भागवायचं?

रात्रीच्या बाजूनं पहिली गोष्ट म्हणजे निवांतपणा. शाळेची रिक्षा दारात हॉर्न वाजवत नसते, त्यामुळं बोलणं लांबतं. हार्वर्डच्या कॅथरीन स्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेवतानाची संभाषणं रेकॉर्ड करून अभ्यासली. दिवसभरातलं काही सांगताना, कुणाला काही समजावताना मोठ्यांच्या तोंडी येणारे नेहमीच्या वापराबाहेरचे शब्द लहानग्यांच्या कानावर पडतात आणि त्यांचा शब्दसंग्रह वाढायला मदत होते, असं त्यात दिसलं. सकाळच्या धावपळीत 'डबा घेतलास का' याच्यापुढं गाडी जात नाही.

दुसरी गोष्ट रश्श्याची. मटणाचा बेत असेल त्या दिवशी चौघं चार वेळेला जेवायला आली, की पांढरा रस्सा चार वेळा गॅसवर चढतो. त्यात नारळाचं दूध. खळखळून उकळी आली की फुटलाच. शेवटच्या माणसाच्या वाटीत वर तेल आणि खाली चोथा. तांबडा त्या मानानं सोशिक.

पण रात्रीच्या जेवणात एक मोठी खोट आहे. भाकरी. तव्यावरची गरम भाकरी एकेक करून ताटात पडत असते, तेव्हा ती थापणारी बाई ओट्याशी उभी असते. बाकीचे हात धुवून उठतात तेव्हा ती ताट वाढून घेते. याला घर एकत्र जेवलं असं कसं म्हणायचं? रात्रच निवडायची असेल तर भाकऱ्या आधी करून टोपल्यात कापडाखाली झाकून ठेवा. जरा गार खायला लागतील, चालतंय की.

न्याहारीत हा प्रश्न येत नाही. पोहे किंवा उप्पीट एका कढईत होतं, चहा एकदाच टाकायचा, करणारीही बशी घेऊन बसते. पंधरा मिनिटंच मिळतात, पण मिळतात सगळ्यांना. माझं मत इथं न्याहारीकडं झुकतं.

शिफ्टवाल्या घरानं मात्र एकावरच अडून बसू नये. फर्स्ट शिफ्टचा माणूस पोरं उठायच्या आत बाहेर पडतो, त्या आठवड्यात रात्र. सेकंडला उलट, तो येईस्तोवर पोरं झोपलेली, म्हणून सकाळ. रात्रपाळी करून आलेल्याला तर पोरांची न्याहारी हेच जेवण.

रोज जमलं नाही म्हणून जीव खाऊ नका. 'पीडिअॅट्रिक्स' या नियतकालिकात २०११ साली १७ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. आठवड्यातून तीन किंवा जास्त वेळा कुटुंबासोबत जेवणाऱ्या मुलांचं वजन आणि खाणंपिणं तुलनेनं चांगलं आढळलं. अर्थात ज्या घरांना एकत्र बसणं जमतं, त्यांचं बाकीचंही बरंच काही जाग्यावर असतं. सगळं श्रेय जेवणाला देता येत नाही.

राहिला टेबलाचा प्रश्न. गुडघे धरलेले आजी-आजोबा असतील तर टेबल घ्याच, नाहीतर त्यांचं ताट वेगळं खुर्चीवर जातं. बाकीच्यांना सतरंजी पुरते. पेठेतल्या अरुंद घरात घडीचं टेबल बरं. कायम उघडं राहिलं की त्यावर इस्त्रीचे कपडे आणि दप्तरं येऊन बसतात, आणि पोरं ताट घेऊन टीव्हीपुढं.