विनमेल डॉट डॅट: आपल्याकडे डीकोडर ठेवायचा की पाठवणाऱ्याची सेटिंग बदलून घ्यायची?

समोरचा सांगतो, पीडीएफ जोडली आहे. आपल्याकडे मात्र विनमेल डॉट डॅट नावाची, कशातच न उघडणारी फाईल येते. कधी कधी तीही दिसत नाही. एकाच माणसाकडून हे वारंवार होत असेल, तर गाठ बहुधा क्लासिक आउटलुकच्या (मायक्रोसॉफ्टचं कॉम्प्युटरवरचं जुनं मेल ॲप) रिच टेक्स्ट या मेल लिहिण्याच्या प्रकाराशी असते. त्यात मजकुराचं फॉरमॅटिंग आणि जोडलेल्या फाईली टीएनईएफ नावाच्या मायक्रोसॉफ्टच्या पाकिटात बंद होतात. आउटलुक ते पाकीट फोडतं, बरीच इतर मेल ॲप्स फोडत नाहीत. फाईलचं एक्स्टेन्शन बदलून पीडीएफ केलं तरी काही होत नाही, आत पाकीटच राहतं.

काहीही ठरवण्याआधी फाईलचा आकार बघा. ती दोनचार केबीची असेल तर आत बहुतेक नुसतं फॉरमॅटिंग आहे, फाईल जोडायचीच राहिली असावी किंवा वाटेत सर्व्हरने काढून टाकली असावी. अशा वेळी डीकोडर, म्हणजे पाकीट फोडून आतल्या फाईली काढणारं सॉफ्टवेअर, शोधत बसणं फुकट. आणि नाव बरोबर असूनही फाईल उघडत नसेल, तर तो आजार वेगळा. ती नोटपॅडमध्ये उघडा. पीडीएफची सुरुवात टक्क्याचं चिन्ह आणि रोमन लिपीत पीडीएफ अशी होते, तर डॉक्सएक्स, एक्सएलएसएक्स आणि झिप यांची पीके या दोन अक्षरांनी. तसं दिसलं नाही तर फाईल वाटेत बिघडली आहे किंवा एक्स्टेन्शन चुकलं आहे.

आता डीकोडर. थंडरबर्ड या मेल ॲपसाठी लुकआउट हे ॲड-ऑन आहे, मॅकवर लेटर ओपनर, लिनक्सवर टीएनईएफ नावाची कमांडच आहे. कमांडला फाईलचं नाव द्यायचं, आतल्या फाईली चालू फोल्डरमध्ये येऊन पडतात. कोणाची मनधरणी नाही, मिनिटभरात काम होतं. वेबसाइटवर अपलोड करून उघडून देणाऱ्याही सोयी आहेत, पण पगारपत्रक किंवा करारनामा तिथे टाकू नये, एवढं तरी पाळावं.

सेटिंगचा मार्ग जरा लांबचा. पाठवणाऱ्याने फाईल, ऑप्शन्स, मेल इथे जाऊन नवे मेल एचटीएमएलमध्ये, म्हणजे बहुतेक मेल ॲप्सना कळणाऱ्या फॉरमॅटमध्ये, लिहायचे असं निवडायचं. त्याच पानावर खाली मेसेज फॉरमॅटमध्ये, इंटरनेटवरच्या लोकांना रिच टेक्स्ट जाताना त्याचं एचटीएमएल करा, हाही पर्याय निवडायचा. बरेच जण इथेच थांबतात आणि मग तक्रार येते की बदललं तरी फरक नाही. कारण आपल्या पत्त्यासाठी रिच टेक्स्ट वेगळं ठरवलेलं असू शकतं: कॉन्टॅक्टमध्ये, किंवा टू च्या चौकटीत आपोआप येणाऱ्या जुन्या नोंदीत. नाव टाइप करायला लागलं की सुचणाऱ्या पत्त्यासमोरच्या फुलीवर क्लिक करून ती नोंद काढायची आणि पत्ता पूर्ण, हाताने टाकायचा. शिवाय रिच टेक्स्टमधल्या जुन्या मेलला उत्तर दिलं की उत्तरही रिच टेक्स्टमध्येच जातं. म्हणून चाचणी नेहमी नव्या मेलने करावी.

पाठवणाऱ्याच्या ऑफिसभर हाच त्रास असेल तर त्यांच्या एक्सचेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) ॲडमिनला रिमोट डोमेनमध्ये, म्हणजे बाहेरच्या पत्त्यांसाठीच्या सेटिंगमध्ये, रिच टेक्स्ट 'नेव्हर' करायला सांगा. मग प्रत्येकाच्या मशीनवर बसायची गरज नाही.

खटपटीच्या हिशोबाने डीकोडर सोपा, हे मान्यच. महिन्यातून एखादा मेल येत असेल आणि तुम्ही तो नेहमी एकाच कॉम्प्युटरवर बघत असाल, तर तेवढ्यावर भागेलही. माझं मन मात्र एका गोष्टीवरून उतरलं: शोध. पाकीट डीकोडरने उघडलं तरी मेलबॉक्समध्ये ते बंदच राहतं. वर्षभराने फाईलच्या नावाने शोधलं तर मेल सापडत नाही, कारण नाव पाकिटाच्या आत. पाठवणाऱ्याचं नाव आणि अंदाजे तारीख धरून एकेक मेल उघडत बसावं लागतं. तोच मेल तिसऱ्याला फॉरवर्ड केला की आपली डोकेदुखी त्याच्याकडे जाते, आणि फोनवर तर डीकोडरची सोय बहुधा नसतेच. सेटिंग एकदा नीट बसली की हे सगळं मिटतं, म्हणून पाठवणारा ओळखीचा असेल तर मी आधी तिकडेच जाईन.

ड्राइव्हची लिंक मागवणं हा तिसरा मार्ग, पण तो खरा मोठ्या फाईलींसाठी. मेलमध्ये जाताना फाईल साधारण एक तृतीयांशाने फुगते, आणि मेलला आकाराची मर्यादा असते. छोट्या पीडीएफसाठी परवानग्यांचा घोळ कशाला?

आधीच येऊन पडलेल्या मेलना डीकोडरच लागणार. तिथे एक करा: बाहेर काढलेली फाईल त्याच मेलला उत्तर म्हणून जोडून स्वतःलाच पाठवा. मग ती नावाने शोधली की सापडते.