मेणाच्या शेकाचं मशीन, नऊ महिन्यांनंतर: आमवात असलेल्या हातांचा अनुभव

मी बेळगावात वडगावला राहते. एकवीस वर्षं ब्लाऊज शिवणं आणि फॉल-पिको करणं हाच माझा व्यवसाय, म्हणजे माझं पोट माझ्या बोटांवर. मला ह्रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आपल्याकडचे लोक ज्याला आमवात म्हणतात, तो आहे. गेल्या दिवाळीनंतर मी घरी मेणाच्या शेकाचं मशीन, म्हणजे पॅराफिन वॅक्स बाथ घेतलं. आता श्रावण चालू आहे. नऊ महिने जवळजवळ रोज वापरून झालं आहे, म्हणून लिहिते आहे. घेऊ का, असं विचारणारी बाई मला आठवड्याला एक तरी भेटते.

मशिनाआधी आजाराबद्दल लिहिते, कारण ते कळल्याशिवाय मशीन कशाला उपयोगी आणि कशाला नाही हे कळत नाही.

मला पहिल्यांदा जाणवलं ते सकाळी. पिळे पिळता येईनात. मूठ आवळेना. दोन्ही हातांची तीच पेरं, दोन्ही मनगटं, अगदी जोडीनं सुजलेली. सकाळी दोन-दोन तास हात लाकडासारखे, मग दहाच्या सुमाराला जरा सुटायचे. मी समजले, शिवणाचं मशीन चालवून चालवून हाडं झिजली असणार. ते तसं नव्हतं. झिजेचा संधिवात बहुधा बोटांच्या टोकाकडच्या पेरांत येतो, काम केल्यावर वाढतो आणि सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासात ओसरतो. आमवातात शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. ते अस्तर सुजून जाड होतं आणि हळूहळू शेजारचं हाड आणि कूर्चा खायला लागतं. बोटांचे मुळाकडचे आणि मधले सांधे, मनगट, पायाची बोटं इथून सुरुवात होते. सोबत थकवा आणि अंगात कणकण. बायकांना हा आजार पुरुषांपेक्षा दोन-तीन पट जास्त होतो.

हे सगळं मला उशिरा कळलं. आठ महिने मी बाजारात मिळणारी एक 'शुद्ध नैसर्गिक' पावडर खात होते. तीन दिवसांत सूज गेली, मी चार जणींना पत्ता दिला. मग चेहरा गोल झाला, वजन वाढलं, आणि एकदा पावडर संपली तेव्हा चौथ्या दिवशी मला अंथरुणातून उठवायला दोघी लागल्या. सांध्यांच्या डॉक्टरांनी पावडरीची पुडी बघून सांगितलं की अशा पावडरींत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं, आणि माझी लक्षणं त्याचीच दिसत होती. ज्या चौघींना मी पत्ता दिला होता त्यांच्या घरी जाऊन मी स्वतः ते सांगून आले. ते आठ महिने मला परत मिळणार नाहीत. उजव्या हाताचं मधलं बोट तेव्हापासून किंचित वाकडंच आहे.

रक्ताच्या तपासण्या झाल्या, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या आमवाताच्या रक्तातल्या दोन्ही खुणा पॉझिटिव्ह आल्या, आणि मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध सुरू झालं. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जिवावर बेततं, म्हणून माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक रविवारी लाल खूण आहे. डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी फॉलिक ॲसिड, आणि ठरलेल्या वेळी यकृताची आणि रक्ताची तपासणी. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर हे औषध चालत नाही, डॉक्टरांना आधी सांगावंच लागतं. परिणाम यायला मला अडीच महिने लागले.

मेण आलं ते फिजिओथेरपीतून. तिथल्या ताई कन्नड बोलणाऱ्या. पहिल्यांदा हात बुडवला तेव्हा त्यांनी विचारलं, "बिसी जास्ती आतेनरी?" म्हणजे फार गरम झालं का? मला तेवढं कन्नड येतं. मी म्हटलं, नाही, सुखाचं आहे. खरंच तसंच वाटलं. मेण पाण्यासारखं चटकन भाजत नाही. ते पेराच्या बारीक खाचेतसुद्धा बसतं आणि ऊब सावकाश सोडतं. पण बसभाडं, रांग आणि शिवणाचा अर्धा दिवस जायचा, म्हणून घरचं मशीन घेतलं. मला मेणासह तीन हजार दोनशेला पडलं.

मशीन म्हणजे भाताच्या कुकरएवढा डबा. मेणात थोडं पातळ पॅराफिन तेल घालतात, त्यामुळे ते कमी तापमानाला वितळतं, साधारण ५० अंशांच्या आसपास. पहिल्यांदा वितळायला तीन तास लागले, म्हणून मी संध्याकाळी सहालाच बटण लावते आणि जेवणं आटोपली की बसते. तापमानाची माझी खूण अशी: वर सायीसारखा पातळ पापुद्रा धरायला लागला की मेण योग्य. तरी आधी एका बोटाचं टोक लावून बघतेच. हात धुऊन पूर्ण कोरडे करायचे. बोटं फाकवून मनगटापर्यंत बुडवायचा, बाहेर काढून दोन श्वास थांबायचं, पुन्हा बुडवायचा, असं सात-आठ वेळा. मधे बोटं हलवली की थर तडकतो आणि आत गरम मेण शिरतं, ते मात्र चांगलंच चटकतं. मग प्लास्टिकची पिशवी, वरून टॉवेल, वीस मिनिटं. सोलताना हातमोज्यासारखं निघतं.

पहिली अडचण आली ती काकणांची. सुजलेल्या मनगटात हिरवी काकणं अडकली होती, फिरतसुद्धा नव्हती. सासूबाई दारातून बघत होत्या. "काय गे, काय करालीस?" मी सांगितलं, काकणं वाढवायला लागतील. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग स्वतःच आल्या, हातरुमाल गुंडाळून त्यांनी एकेक काकण वाढवलं, काचा कागदात गोळा केल्या आणि म्हणाल्या, "हात बरा होऊ दे आधी. काकणं कासाराकडं मिळतात." त्या सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत. मी त्या दिवशी मेणापेक्षा त्यांच्यामुळे शांत झोपले.

आता खरी गोष्ट. मेण उतरवल्यावर साधारण तासभर हात मऊ असतात, आणि त्या तासात व्यायाम केला तरच मेणाचा उपयोग. नुसतं शेकून झोपलं तर सकाळी काहीच फरक नाही, हे मी दोन आठवडे करून बघितलं. माझे व्यायाम असे: मूठ, बोटांचा आकडा, बोटं सपाट करून मुळाशी वाकवणं, अंगठा प्रत्येक बोटाला लावणं, आणि कणकेचा घट्ट गोळा दाबणं. फिजिओच्या ताईंनी सांगितलं होतं की ब्रिटनमध्ये आमवाताच्या ४९० रुग्णांवर हातांच्या व्यायामाचा अभ्यास झाला, २०१५ मध्ये तो लॅन्सेटमध्ये छापून आला, आणि वर्षानंतर व्यायाम करणाऱ्यांचे हात जास्त कामाचे होते. मेणाबद्दलही अभ्यासांचा निष्कर्ष तोच आहे: फायदा होतो तो व्यायामाच्या जोडीनं, आणि थोड्या काळासाठी.

शिमग्याच्या सुमाराला मनगट लाल होऊन तापलं, ठणका लागला. मी हट्टानं त्यावर मेण लावलं. रात्रभर झोप नाही. तापलेल्या सांध्याला गार लागतं, गरम नाही. ओल्या फडक्यात बर्फ दहा मिनिटं, आणि डॉक्टरांना फोन. जखम असली, मधुमेहानं बोटं बधिर झाली असली तर मेण नकोच, चटका लागला तरी कळणार नाही.

जुलैत मशिनाची उष्णता नियंत्रित करणारी कळ बिघडली. मेण धुरायला लागलं, मी घाबरून प्लग काढला. दुरुस्तीला तीन आठवडे गेले, कंपनीचा माणूस दर वेळी उद्या म्हणायचा. बाहेर पाऊस धो-धो, घरात दमट गारठा. पण त्या तीन आठवड्यांनी मला जे शिकवलं ते आधीच्या आठ महिन्यांत कळलं नव्हतं. सकाळचा आखडलेपणा वीस मिनिटांवरून पाऊण तासावर गेला, पण सूज परत आली नाही. सूज औषधानं धरून ठेवली आहे. मेण फक्त मला हात वापरायला देतं. या दोन कामांची गल्लत मी पावडरीच्या वेळी केली होती.

त्या काळात आई नंदगडहून आली ती निरगुडीचा पाला घेऊन. तव्यावर गरम करून फडक्यात बांधायचा आणि शेकायचं. खरं सांगते, मनगटाला तो शेक मेणाइतकाच बरा वाटला. बोटांच्या पेरांना मात्र नाही, तिथं पुरचुंडी बसत नाही. ज्यांना मशीन परवडत नाही त्यांनी कोमट पाण्यात हात बुडवून व्यायाम करावा, मी जुलैत तेही केलं.

खाण्याचंही लोक विचारतात. वांगं वातूळ म्हणून मी वर्षभर सोडलं होतं, माझ्या हातांना त्याचा काही फरक पडला नाही, आता भरली वांगी करते. बांगडा आठवड्यातून दोनदा खाते, माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ मुळे आमवाताचं दुखणं थोडं कमी होतं असं अभ्यासांत दिसलं आहे. जवसाची चटणी चवीला. हळद आमटी-भाजीत आहेच, गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेत नाही. तंबाखूबद्दल मी कडक बोलते: धूम्रपानानं हा आजार होण्याचा धोका वाढतो आणि तो जास्त जोरात चालतो.

घेणार असाल तर कळ आणि झाकण नीट बघून घ्या, दुरुस्ती गावात होते का ते विचारा. मेण एकाच माणसाचं ठेवा, मी दर तीन महिन्यांनी बदलते. आजाराचं निदान झालं नसेल तर हे पैसे आधी डॉक्टर आणि तपासणीवर घाला.

माझं काम पूर्वीच्या निम्म्याहून थोडं जास्त होतं. हूक आणि काज पुतणी करते. कातरकाम माझं मी करते. गेल्या सोमवारी सासूबाईंनी कासाराला दारात थांबवलं आणि मी पुन्हा हिरवी काकणं भरली, अडीचची, जरा सैलच. रात्री शेकायच्या आधी साबण न लावता उतरतात.