जीटीएक्स १०८० टीआय की आरटीएक्स ए२०००: डिझाइनच्या कामाला कोणतं कार्ड?

एनव्हिडियाच्या या दोन ग्राफिक्स कार्डांचे नुसते आकडे बघितले तर जुनं कार्डच उजवं ठरतं. मार्च २०१७ मध्ये आलेल्या जीटीएक्स १०८० टीआयमध्ये ३५८४ कुडा कोअर (एकाच वेळी हिशेब करणारे छोटे गणक) आहेत, ११ जीबी मेमरी आहे आणि त्या मेमरीचा वेग सेकंदाला ४८४ जीबी. ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेल्या आरटीएक्स ए२००० मध्ये कोअर ३३२८, मेमरी ६ जीबी (नंतर १२ जीबीची आवृत्तीही आली) आणि वेग २८८ जीबी. गणनाशक्ती जुन्याची साधारण ११.३ टेराफ्लॉप्स (सेकंदाला इतके लाख कोटी हिशेब), नव्याची ८. बाजारात आलं तेव्हा १०८० टीआय ६९९ डॉलरचं होतं, ए२००० होतं ४४९ डॉलरचं.

तरीही मशीन डिझाइन, इंटिरिअर किंवा थ्रीडीचं काम करणारा कोणी आज विचारतो, तेव्हा मी ए२००० सांगतो, आणि तेही १२ जीबीचं. मात्र ज्याच्याकडे १०८० टीआय आधीपासून आहे त्याला उठून ते विकायला सांगत नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते एकत्र केले की पैसे वाया जातात.

आधी विजेचं बघू, कारण बहुतेकांचा निर्णय इथेच होतो. १०८० टीआय पूर्ण जोरात चाललं की २५० वॅट खातं. त्याला एक सहा पिनची आणि एक आठ पिनची वायर लागते, आणि एनव्हिडियाची स्वतःची शिफारस ६०० वॅटच्या एसएमपीएसची (कॉम्प्युटरच्या वीजपुरवठा युनिटची) होती. ए२००० ७० वॅटमध्ये भागवतं. मदरबोर्डचा स्लॉटच ७५ वॅटपर्यंत वीज देतो, त्यामुळे वेगळी वायर लागतच नाही. रोज आठ तास रेंडर (थ्रीडी सीनचं तयार चित्र काढणं), महिन्याचे २५ दिवस असा हिशेब धरला तर १८० वॅटच्या फरकाचे ३६ युनिट होतात. युनिटला दहा रुपये धरा, महिन्याला ३६० रुपये. रोज इतकं रेंडर नसेल तर फरक बराच कमी. पण खरा खर्च बिलात नसतोच, तो नवा एसएमपीएस आणि मोठी कॅबिनेट घ्यायला लागतो.

लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन जे रिफर्बिश्ड ऑफिसचे छोटे डेस्कटॉप मिळतात, त्यांच्यात २६७ मिलिमीटर लांबीचं १०८० टीआय बसवायचा विचारही करू नका. ए२००० जेमतेम १६७ मिलिमीटरचं आहे आणि अर्ध्या उंचीचं. जाडी मात्र दोन स्लॉटची, तेव्हा शेजारचा स्लॉट मोकळा आहे का ते पट्टी लावून बघा. आणि त्याला चारही पोर्ट मिनी डिस्प्लेपोर्टचे आहेत. साधा एचडीएमआय मॉनिटर असेल तर अडॅप्टरचे पैसे आधीच धरून चाला.

आता कामाचं. मशीन डिझाइनच्या सॉलिडवर्क्समध्ये असेंब्ली (जोडलेल्या भागांचं मॉडेल) फिरवताना, कडा रेखीव दिसताना, रिअलव्ह्यू (मॉडेल खऱ्यासारखं दाखवणारी सोय) चालू करताना फरक पडतो तो चिपमुळे कमी आणि ड्रायव्हरमुळे, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे, जास्त. १०८० टीआयवर रिअलव्ह्यूचं बटण फिकटच राहतं, कारण त्याच्यासारखी जीफोर्स, म्हणजे गेमिंगची, कार्डं तिथे प्रमाणित नाहीत. हा ड्रायव्हरचाच मामला असल्याचा पुरावा खुद्द एनव्हिडियाने २०१७ मध्ये दिला. १०८० टीआयमधलीच जीपी१०२ चिप एनव्हिडियाच्याच टायटन एक्सपी कार्डातही होती. त्या कार्डाला कंपनीने नवा ड्रायव्हर दिला आणि थ्रीडी अॅनिमेशनचं माया वगैरे व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये वेग एकदम वाढला. हार्डवेअरला हात न लावता. १०८० टीआयला ती सवलत मिळाली नाही. ज्याची रोजीरोटी कॅडवर (कॉम्प्युटरवरच्या डिझाइनवर) आहे त्याने ए२०००च्या किमतीतला मोठा भाग या ड्रायव्हरसाठी जातो हे ओळखून ते घ्यावं, आणि मला तो पैसा योग्य वाटतो.

एक सांगितलंच पाहिजे: रीबिल्डला (बदलानंतर मॉडेल पुन्हा घडवायला) पाच मिनिटं लागत असतील तर कोणतंही कार्ड ती तीन करणार नाही. ते काम प्रोसेसरचं, त्यातही बहुतेक एकाच कोअरचं. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे लोक कार्ड बदलतात आणि मग निराश होतात, ते बघून मला वाईट वाटतं.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये चित्र आणखी पालटतं. ए२००० मध्ये किरणांचा माग काढणारे २६ आरटी कोअर आणि एआयचे हिशेब करणारे १०४ टेन्सर कोअर आहेत, १०८० टीआयमध्ये दोन्हींपैकी एकही नाही. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये ऑप्टिक्स हा पर्याय निवडला की हे आरटी कोअर कामाला लागतात आणि टेराफ्लॉप्सची तुलना अर्थहीन होते. अडचण मेमरीची. जड टेक्स्चरचा, झाडाझुडपांचा सीन ६ जीबीत मावत नाही, आणि मावला नाही की रेंडर रखडतं किंवा थांबतं. तिथे ११ जीबीवालं जुनं कार्ड शांतपणे काम पूर्ण करतं. म्हणून मी सुरुवातीलाच १२ जीबी म्हटलं. ती आवृत्ती नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीर झाली आणि माझ्या मते ए२००० घ्यायचं तर तेच.

घरच्या घरी भाषा मॉडेल (चॅटजीपीटीसारखं एआय) चालवणाऱ्यांसाठी १०८० टीआय अजूनही चांगलं आहे. उत्तराचे शब्द किती भराभर येतात हे मुख्यतः मेमरीच्या वेगावर ठरतं, आणि तिथे ४८४ विरुद्ध २८८. आकार कमी करायला चार बिटांवर आणलेलं १३ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल ११ जीबीत बसतं, सहात नाही. लांबलचक मजकूर आधी वाचून घ्यायचा असेल तर मात्र टेन्सर कोअरमुळे ए२००० पुढे जातं.

व्हिडिओ एडिटिंगमध्ये एव्ही१ या नव्या व्हिडिओ फॉरमॅटची फाइल ए२००० हार्डवेअरवर उलगडतं, १०८० टीआयला ते जमत नाही. ४:२:२ दहा बिटांचं (रंगांचे जास्त बारकावे साठवणारं) एच.२६५ फुटेज मात्र दोघांपैकी कोणालाच झेपत नाही, त्यासाठी अकराव्या पिढीपासूनचे इंटेलचे अंगभूत ग्राफिक्स कामी येतात. गेमिंगचं थोडक्यात: जुन्या गेममध्ये १०८० टीआय स्पष्टपणे वेगवान, पण डीएलएसएस (एआयच्या मदतीने गेमचा वेग वाढवणारी सोय) नाही, आणि रे ट्रेसिंगचं हार्डवेअर सक्तीचं असलेले नवे गेम त्यावर नीट चालणार नाहीत.

मग आज सेकंडहँड १०८० टीआय का घेऊ नये? कारण वय. १०८० टीआय ज्या पास्कल पिढीतलं, तिच्यासाठी गेमचे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट येतील. २०२५ मध्येच आलेल्या कुडा १३ (एनव्हिडियाच्या गणन सॉफ्टवेअरची आवृत्ती) मधून पास्कलला वगळलं आहे. शिवाय सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टोचलनाचं मायनिंग बंद होईपर्यंत यातली बरीच कार्डं रात्रंदिवस राबवली गेली, आणि तुमच्या हाती येणारं त्यातलंच आहे का हे बाहेरून कळत नाही. तुमच्याकडे स्वतःचं असेल, एसएमपीएस चांगला असेल आणि काम गेमिंगचं किंवा रेंडरिंगचं असेल, तर ते खुशाल चालू ठेवा. दोन वर्षांनी एकदा थर्मल पेस्ट बदला.

ए२००० विकत घेताना एकच गोष्ट विसरू नका. ६ आणि १२ जीबीची कार्डं बाहेरून सारखीच दिसतात. विक्रेत्याला कार्ड मशीनमध्ये लावायला सांगा, जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम) उघडा, मेमरीचा आकडा स्वतः वाचा, मगच पैसे द्या.