शोषखड्डा की साठवण टाकी?
मेव्हण्याची सोसायटी ठाण्यात घोडबंदर रोडला, माझी नवी मुंबईत वाशीत. पाऊस हल्ली तासाभरात कोसळतो, मग आठवडाभर कोरडं. म्हणून दोन्हीकडे एकच वाद: गच्चीचं पाणी खडी-वाळूच्या शोषखड्ड्यातून जमिनीत मुरवायचं की टाकीत साठवायचं?

२०० चौरस मीटर गच्चीवर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे जवळजवळ १०,००० लिटर. टाकी दुपारीच भरून वाहू लागते, वर खर्चही जास्त. खड्डा स्वस्त, पण दर मे महिन्यात गाळ उपसा, खडी-वाळू धुवा. (कमिटीत हे कुणालाच आठवत नाही.)

खरा फरक जमिनीचा. वाशी खाडीकाठच्या भरावावर. भरतीला आमचा खड्डा खालूनच भरला, तेही खारट पाण्याने. मेव्हण्याकडे, येऊरच्या डोंगरपायथ्याशी, बोअरवेल असेल तर खड्डाच घ्या. वाशीत टाकी, बाग आणि फ्लशपुरती.