इतिहास उत्तम शिकवला, सरावात मात्र जुनीच चूक

मानसशास्त्राने ‘वंश’ ही संकल्पना कशी वापरली, यावरचा हा ऑनलाइन कोर्स नुकताच पूर्ण केला. मी मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे विद्यार्थ्यांना सुचवण्याआधी बारकाईने पाहिला.

पहिल्या महायुद्धातल्या अमेरिकी सैन्याच्या बुद्धिचाचण्यांचा धडा अप्रतिम आहे. सुमारे १७ लाख जवानांची चाचणी झाली, त्यातले मूळ प्रश्नच पडद्यावर येतात. ‘क्रिस्को’ (हा स्वयंपाकाच्या तुपाचा एक अमेरिकी ब्रँड) म्हणजे औषध, जंतुनाशक, टूथपेस्ट की खाद्यपदार्थ? इंग्रजी वाचता न येणाऱ्यांना चित्रं दिली होती. एकात टेनिस कोर्टावर जाळीच नाही, ती रेखाटून चित्र पुरं करायचं. ज्याने टेनिस कधी पाहिलंच नाही, त्याने काय काढायचं?

मग अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगॅमने याच चाचण्यांवरून १९२३ मध्ये मांडलेले आकडे येतात. स्थलांतरित अमेरिकेत जितकी जास्त वर्षं राहिलेला, तितके त्याचे गुण जास्त. म्हणजे चाचणी तिथल्या राहणीची ओळख मोजत होती, हे उघड आहे. ब्रिगॅमने मात्र अर्थ काढला की अलीकडे आलेले लोकच हलक्या वंशाचे. १९३० मध्ये त्याने स्वतःच हे निष्कर्ष मागे घेतले, पण परदेशातून येणाऱ्यांवर कडक मर्यादा घालणारा १९२४ चा स्थलांतर कायदा तोवर होऊन गेला होता. शिक्षिका इथे अजिबात घाई करत नाहीत. नंतरचा जनुकशास्त्राचा भागही नेटका आहे: माणसामाणसांतला सुमारे ८५ टक्के जनुकीय फरक एकाच लोकसमूहाच्या आत सापडतो, हे जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिनने १९७२ मध्येच दाखवलं होतं.

आणि एवढं सगळं शिकवून झाल्यावर संख्याशास्त्राचा सराव येतो. फाइलमध्ये ‘वंश’ असा रकाना, तोही सहभागींनी स्वतः खूण करून भरलेला. शिक्षण, घरची भाषा, उत्पन्न यांचे रकानेच नाहीत. स्मरणशक्तीच्या गुणांची गटवार सरासरी काढा, आणि आदर्श उत्तर काय, तर ‘वंशाचा स्मरणशक्तीवर परिणाम होतो’! मला याचा खरोखर राग आला. कळवलं, तर सराव सोपा ठेवायचा होता, असं उत्तर आलं.

अशा रकान्यांनी माणसांचं नुकसान होतं. अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये मेंदूच्या इजेची भरपाई ठरवताना कृष्णवर्णीय खेळाडूंची मूळ क्षमताच कमी धरण्याची पद्धत होती, त्यामुळे त्यांना झालेली हानी सिद्ध करणं कठीण जाई. ती पद्धत सोडण्याचं लीगने कबूल केलं ते २०२१ मध्ये. कोर्समध्ये याचा उल्लेखही नाही.

५ पैकी ३ तारे. सरावाची फाइल बदलेपर्यंत मी विद्यार्थ्यांना फक्त इतिहासाचे आणि जनुकशास्त्राचे धडेच पाहायला सांगणार आहे.